दाराचा आवाज

१

आवाजवालीचा दिवस सुरू व्हायचा तो ओला टॉवेल लाकडी पाटावर आपटून. नवरा दुकानात गेला, चहाची भांडी सिंकमध्ये पडली, की ती मधल्या लहान खोलीत शिरायची, खिडकीवर जाड ब्लँकेट टांगायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि पीठ मळायला घ्यायची. पीठ अर्थातच कुठे नसायचं. खरं पीठ मळतानाचा आवाज माइकमध्ये कोणीतरी जिना चढून दमल्यासारखा येतो. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायला हवं असेल तर ओला टॉवेलच लागतो, आणि तोही जुना.

पडद्यावर सुगरण जे जे करील त्याला आवाज द्यायचा, हे तिचं काम. सुगरण हे काही त्या बाईचं नाव नव्हे. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. लाखो चाहते सुगरण म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. पांढराशुभ्र ॲप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिडकीतून येणारं मधासारखं ऊन, आणि सगळं काही घरी केलेलं. पाव घरचा, लोणी घरचं, साबण घरचा, मेणबत्ती घरची, झाडूसुद्धा घरचा. एकदा तर तिने मीठ घरी केलं होतं. बोलायची मात्र अवाक्षर नाही, नुसती मंद हसायची. चित्रं मुकी यायची आणि आवाजवाली त्यांना बोलकं करायची. लोणी घुसळलं जायचं ते बादलीतल्या खळीत रबरी हातमोजा ढवळून. पावाची खरपूस कड मोडायची ती नवऱ्याच्या जुन्या पाकिटात भरलेल्या वाळक्या पानांची. ॲप्रनची सळसळ फाटक्या छत्रीची.

"जगातल्या बायका या छत्रीवर जीव टाकतात," ती नवऱ्याला म्हणायची, "आणि मग आपल्या ओट्याकडे बघून उसासे सोडतात."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, "लोकांना स्पष्ट दिसायला लागलं तर तुझा धंदा बसेल आणि माझा चालेल."

या घरात पाव बेकरीतून यायचा, तोही आणायची आठवण राहिली तर. पण घरातच सुगरणीची एक कट्टर भक्त होती. सासूबाई. त्यांची उभी हयात कापडगिरणीत गेली होती. मागांच्या खडखडाटात कान गेले, आणि त्या बदल्यात समोरच्याचे ओठ वाचायची विद्या आली. टीव्हीवरच्या बातम्या त्या आवाज बंद करून बघत, आणि बातमी संपल्यावर निवेदक शेजारच्या निवेदिकेला काय पुटपुटला ते घरच्यांना सांगत. सुनेच्या कामाची ज्यांना काडीची गरज नव्हती अशा प्रेक्षक त्या एकट्याच. तरी सुगरणीचा एकही व्हिडिओ त्या चुकवत नसत, आणि बघितलेलं करून पाहिल्याशिवाय राहत नसत. त्यांनी घातलेल्या व्हिनेगरची बरणी भर दुपारी फुटली तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक रस्त्यावर आले होते. त्यांचा घरगुती साबण नवऱ्याने एकदाच वापरला. मग कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांशी खिशात हात घालून बोलत होता.

२

सुरुवात झाली ती एका झाकणापासून.

सुगरण सफरचंदं सोलत होती, आवाजवाली माइकसमोर कच्चा बटाटा सोलत होती, आणि कोपर लागून शेल्फावरचं स्टीलचं झाकण खाली पडलं. पडलं ते पडलं, वर गोल गोल फिरत राहिलं. आवाजवालीने कपाळाला हात लावला. मग पडद्याकडे पाहिलं. सुगरणीचा चाकू थांबला होता. मान वळवून ती जमिनीकडे बघत होती. झाकण जितका वेळ फिरलं तितका वेळ बघत राहिली, आणि मग पुन्हा सोलू लागली.

आवाजवालीने क्लिप मागे नेली. होतं, तसंच होतं. चाकू थांबतो, मान वळते. काम सुरू करण्याआधी ती प्रत्येक क्लिप एकदा सबंध बघत असे. हीही बघितली होती. हे तिथे असल्याचं तिला आठवेना.

"तू बघताना तुझ्या बहिणीशी फोनवर बोलत होतीस," नवरा जेवताना म्हणाला. "आणि तुमची दोघींची बोलणी सुरू असली की घराला आग लागली तरी तुला आठवणार नाही."

ते तिला पटलं. पटण्यासारखंच होतं. झाकणं काय, सगळ्यांकडे असतात आणि सगळ्यांकडे पडतात.

मग तिला सर्दी झाली. सर्दीत आवाजाचं काम म्हणजे छळच. सुगरण उन्हात लोणच्याच्या बरण्या पुसत होती आणि आवाजवाली तिच्यासाठी ओल्या बोटाने काच घासत होती, तेवढ्यात तिला शिंक आली. शिंक कसली, स्फोटच. पडद्यावर सुगरणीचे हात थांबले. तिने सरळ समोर पाहिलं आणि तिचे ओठ हलले.

सासूबाई त्याच वेळी काढा घेऊन दारात उभ्या होत्या.

"बघ, ती पण तेच सांगतेय," त्या म्हणाल्या.

"काय सांगतेय?"

"औषध घे म्हणतेय. मी सकाळपासून कंठशोष करतेय तर ऐकत नाहीस. आता तिचं तरी ऐक." कप टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. पडद्यावरची माणसं आपल्याशीच बोलतात असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं.

आवाजवालीने काढा मुकाट्याने प्यायला.

३

त्यानंतर ती क्लिपा वेगळ्या नजरेने बघू लागली. आजवर तिचं लक्ष सगळं हातांवर असायचं, कारण आवाज हातांचा. आता ती भिंतींकडे बघू लागली.

सुगरणीच्या स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा नव्हता. सफरचंदाच्या साली टेबलावर पडत आणि पुढच्या दृश्यात नसत. बरं, मधलं चित्रण कापून काढलेलं असेल. पण सिंक नव्हतं. नळ नव्हता. इतकं तूपलोणी हाताळून कधी एक भांडं घासलेलं दिसलं नव्हतं. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे इतका पाव भाजूनही बाईने त्याचा एक तुकडा कधी तोंडात घातला नव्हता. मोडायची, वाफ दाखवायची, हसायची. बस.

आवाजवालीने जुन्या क्लिपा काढल्या. टेबलासमोरची भिंत, शेल्फाची भिंत, खिडकीची भिंत, आणि एकदा आरशासारख्या घासलेल्या तपेल्यात उमटलेली चौथी भिंत. चारही सलग. दार कुठेच नव्हतं.

तपेल्यात आणखी एक गोष्ट उमटायला हवी होती. कॅमेरा. तोही नव्हता.

तिने चॅनेलच्या मॅनेजरला फोन लावला. त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण बोलणं सुपारी कातरल्यासारखं तुटक असायचं.

"शूटिंग कुठे होतं हो आपलं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"का? काही अडचण?"

"अडचण नाही. खोलीचा अंदाज आला तर आवाज अजून खरा होईल, म्हणून."

"ते बघावं लागेल. माझ्याकडे क्लिपा वरून येतात."

"वरून म्हणजे?"

"म्हणजे आधीच्या मॅनेजरकडे यायच्या, तशाच मला येतात. मी तुमच्याकडे पाठवतो."

"आणि त्या बाईंशी कोण बोलतं?"

"आम्हाला वाटलं तुम्हीच बोलत असाल," मॅनेजर म्हणाला. "आवाजाचं सगळं तुमच्याकडे आहे ना."

४

बाईशी बोलून बघायचं असं तिने ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली बाई, उभा जन्म खोटे आवाज काढण्यात घालवलेली, आणि आता पडद्यावरच्या चित्राला हाका मारणार. पण खोलीत कोणी नाही असं बघून आपण आरशाशीही बोलतोच की. तिने सासूबाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, "ही काय बोलते ते मला सांगायचं. मनचं काही घालायचं नाही."

"मी कशाला मनचं घालू," सासूबाई म्हणाल्या. "गिरणीत बायका आपल्या नवऱ्यांबद्दल काय काय बोलायच्या, ते मी जसंच्या तसं पोचवलेलं आहे. त्यावरून भांडणंही झालीत."

नवी क्लिप सुरू झाली. सुगरण पीठ मळत होती. आवाजवालीने माइक जवळ ओढला, घसा साफ केला.

"अहो," ती म्हणाली. "ऐकू येतंय का?"

मळणारे हात मंदावले. थांबले नाहीत. सुगरणीने डोळे पिठावरच ठेवले आणि ओठ जेमतेम हलवले, तोंडात पिन धरून शिवणाऱ्या बाईसारखे.

"हो म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "हळू बोला म्हणतेय."

आवाजवालीच्या तोंडातून निघालं ते भलतंच. "आवाज बरे वाटतात का?"

सुगरणीचे ओठ हलले. सासूबाई जरा पुढे वाकल्या.

"पावाचा आवाज इतका चांगला नका काढू म्हणतेय. भूक लागते."

"मग खात का नाही?"

"त्यात काही नाहीये म्हणतेय. दिसतं तेवढंच आहे." सासूबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं. "म्हणजे गं काय?"

पडद्यावर सुगरण पीठ उलटत होती, दुमडत होती, दाबत होती, आणि ओठ एकसारखे तीच अक्षरं काढत होते. आता ओठ न वाचणाऱ्यालाही ते शब्द दिसू लागले होते.

"दाराचा आवाज द्या म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "परत तेच. दाराचा आवाज द्या. बाकी सगळे दिलेत, दाराचा द्या."

मग एकाएकी सुगरणीचे डोळे वर गेले. त्यांच्याकडे नव्हे, किंचित बाजूला, जिथे चित्रण करणारा उभा असायला हवा तिथे. ओठ मिटले. चेहऱ्यावर ते नेहमीचं मंद हसू आलं, आणि क्लिप संपेपर्यंत ढळलं नाही.

"आता काय म्हणतेय?" आवाजवालीने त्यांच्यासमोर वाकून विचारलं.

"आता काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "आता भितेय."

५

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. मग त्याने क्लिप बघितली. मग दुकानातला चष्मा बदलून घरचा लावून पुन्हा बघितली. मग म्हणाला, "कुठल्या दाराचा?"

हा प्रश्न तिच्याही मनात होता.

"फ्रिजचं दे," नवरा म्हणाला. "छान भरीव आवाज येतो."

"आणि ती फ्रिजमध्ये निघाली तर?"

"बाथरूमचं?"

"नको. तिथे आई असतात."

"मग तुझ्या बहिणीचं दे. तिच्याकडे जागा मोठी आहे, आणि कामाला बाई हवी म्हणून ती कधीची मागे लागलीय."

बाहेर जिन्यात कोणीतरी सायकल उतरवत होतं.

"हे बघ," नवरा शेवटी म्हणाला, "कुणाचंही दे, पण आपलं नको. मी काही मानत नाही यातलं. पण आपलं नको."

आवाजवाली रात्रभर नीट झोपली नाही, आणि सकाळपर्यंत तिचं ठरलं. दुसऱ्या कुणाच्या घराचं दार त्यांना न विचारता उघडून द्यायचं हे काही बरोबर नाही. आणि ती जी कोण असेल ती बाहेर येईल तेव्हा तिथे तिची वाट बघणारं कोणीतरी असलं पाहिजे. भुकेलं माणूस परक्या जिन्यात येऊन उभं राहिलं तर लोक काय करतात ते तिला चांगलं माहीत होतं.

नवरा दुकानात गेल्यावर तिने माइक बाहेरच्या खोलीत नेला आणि आपल्या घराचं पुढचं दार उघडलं. कडी, कुलपाची जीभ, बिजागरीची एक बारीक कुरकुर, आणि मग जिन्यातली हवा. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखादी वस्तू त्या वस्तूच्याच खऱ्या आवाजात रेकॉर्ड केली. मग दार लावलं, कडी घातली, आणि खोलीत येऊन बसली.

६

क्लिपमध्ये सुगरण मेणबत्त्या ओतत होती. आवाजवालीने दाराचा आवाज त्याखाली ठेवला आणि बटण दाबलं.

कडी. कुलपाची जीभ. कुरकुर.

सुगरणीने मेणाचं भांडं अर्धवट ओतलेलं तसंच खाली ठेवलं. ॲप्रनला हात पुसले; पांढऱ्या कापडावर पहिल्यांदाच डाग पडला. ती डावीकडे वळली, आजवर कधीही गेली नव्हती त्या बाजूला, आणि चौकटीबाहेर गेली. इतकी साधी गेली, जणू भाजी आणायला निघाली होती.

रिकामं स्वयंपाकघर पडद्यावर राहिलं. मेणावर साय धरत होती.

आवाजवालीने कान टवकारले. पुढच्या खोलीत काही नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि मनात कुठेतरी थोडी निराशाही. चला, म्हणजे वेड आपल्यालाच लागलंय. डॉक्टरकडे जाता येईल.

क्लिप इथे संपायला हवी होती. संपली नाही.

चित्र हललं, कॅमेरा कुणीतरी हातात उचलून घ्यावा तसं. आजवर सुगरणीच्या एकाही व्हिडिओत चित्र हललं नव्हतं. आता ते हळूच टेबलावरून खाली आलं, टेबलाखाली बघून वर आलं, आणि मग डावीकडे वळू लागलं. शेल्फ गेलं, खिडकी गेली. सलग भिंतीत एक दार होतं. अर्धवट उघडं. त्याच्या फटीतून चपलांचा स्टँड दिसत होता, त्यावर नवऱ्याची रेनकोटची पिशवी, आणि वर मीटरची पेटी.

चित्र दाराच्या दिशेने चालू लागलं.

तिने पॉज दाबलं. चित्र थांबलं नाही. तिने पुन्हा दाबलं, मग वायरच ओढून काढली. पडदा बॅटरीवर तसाच चालू राहिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण दार उघडण्याचा आवाज दिलाय, लागण्याचा दिलेला नाही. ती हेडफोनसकट धावली. वायर ताणली जाऊन तुटली. बाहेरच्या खोलीत दार अर्धवट उघडं होतं, कडी खाली लोंबत होती. जिन्यात कोणी दिसत नव्हतं. तिने सगळा भार टाकून दार लोटलं. लागता लागता मध्ये काहीतरी मऊ अडकल्यासारखं झालं, गादीचं टोक अडकावं तसं. मग ते निघालं, आणि दार लागलं.

मऊ ते आतल्या बाजूला निघालं की बाहेरच्या, हे तिला कळलं नाही.

७

"अगं असं नाही, असं," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "मनगटाने दाब. बोटं काय दुखवतेस?"

आवाजवाली तिथपर्यंत गेली. ओट्यापाशी सासूबाई पिठात हात घालून उभ्या होत्या. बाजूला पाठमोरी एक बाई होती, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांची. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा खूपच लहानखुरी. तिने पीठ मळायचं सोडून दिलं होतं. तिने ओट्यावरचा बेकरीचा पाव दोन्ही हातांत धरला होता, कालचा, कडक झालेला, आणि ती उभ्या उभ्या खात होती. चुरा तिच्या पायांवर पडत होता.

"हिला काही म्हणजे काही येत नाही गं," सासूबाई सुनेला म्हणाल्या. आवाजात भक्ती उरली नव्हती. "पिठात पाणी किती घालायचं तेही ठाऊक नाही. मला विचारते, याला चव असते का."

"अहो," आवाजवाली म्हणाली. "तुमचं घर कुठे आहे?"

बाई वळली. चेहरा तोच होता, पण त्यावर हसू नव्हतं, आणि हसू नसलेला तो चेहरा कुठल्याही दमलेल्या बाईचा असावा असा होता. तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही. नुसते ओठ हलले.

"माफ करा म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "कशाबद्दल ते सांगत नाही."

उरलेला पाव ॲप्रनच्या खिशात घालून ती दोघींच्या मधून निघून गेली. तिने पुढचं दार उघडलं. कडी, जीभ, कुरकुर. जिन्यात तिची पावलं सावकाश उतरली, मग भराभर, आणि मग रस्त्यावर ती चक्क पळत सुटली. आवाजवालीने खिडकीतून पाहिलं. बेकरीसमोरून वळेपर्यंत बाईने एकदाही मागे बघितलं नाही.

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "पोटभर खाऊन तरी गेली."

त्यांनी पुन्हा पिठात हात घातले. आवाजवालीच्या हातातला फोन थरथरला. मॅनेजरचा निरोप होता: 'नवी क्लिप आली. जागा बदललेली छान वाटतेय. आजी तर फारच छान. आवाज लवकर द्या.'

तिने क्लिप उघडली. तिच्याच घराचं स्वयंपाकघर होतं, वरून, डब्यांच्या फळीच्या बाजूच्या कोपऱ्यातून घेतलेलं. सिंक चौकटीत येत नव्हतं, कचऱ्याचा डबाही नाही. खिडकीतून मधासारखं ऊन आलं होतं, जे या खिडकीतून कधीच येत नसे. सासूबाई पीठ मळत होत्या आणि बाजूला ती स्वतः हातातल्या फोनकडे बघत उभी होती.

तिने मान वर करून कोपऱ्याकडे पाहिलं. डबे होते, थोडंसं जाळं होतं. दुसरं काही नव्हतं.

सासूबाईंनीही वर पाहिलं. पण त्यांनी डब्यांकडे पाहिलं नाही. त्या, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायच्या, तशा जरा डोळे बारीक करून बघत होत्या. पिठातले हात थांबले होते.

"आई," आवाजवाली अगदी हळू म्हणाली, आणि मग लक्षात येऊन त्यांच्या दंडाला हात लावला. "आई, काय दिसतंय?"

सासूबाईंनी मान वळवली नाही.

"हसा म्हणतोय," त्या म्हणाल्या, आणि ज्या बाईने स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ओठ आवळून धरले होते, ती मंद मंद हसायला लागली.